जावळाचा रविवार

आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो मुलाच्या केसांनी. दूध, दात, अंघोळ सगळं नंतर. आधी त्याला दोन गुडघ्यांत आवळून धरायचं, डोक्यावर खोबरेल तेल थापायचं आणि कंगवा घालायचा. कंगवा टेकायच्या आधीच तो बोंब ठोकायचा. समोरच्या घरातली भाभी शिवणयंत्र थांबवून खिडकीतून विचारायची, "क्या बाई, मार रहे क्या बच्चे को?" मी हातातला कंगवा उंच करून दाखवायची. चार वर्षांचा मुलगा आणि केस कमरेला टेकायला आलेले. त्याच्या दोन वेण्या घालून होईपर्यंत माझा चहा गार झालेला असायचा.

केस एवढे वाढले, कारण जावळ काढलेलं नव्हतं. आमच्यात जन्माचे केस मामाच्या मांडीवर बसवून काढतात. पहिल्या वर्षी, नाहीतर तिसऱ्या, नाहीतर पाचव्या. पाचव्याच्या पुढे नेत नाहीत आणि तोवर कात्री लावत नाहीत. मुलीचं जावळ पहिल्याच वर्षी झालं होतं, माझ्या भावाच्या मांडीवर, थाटात. मुलाच्या वेळी मात्र मामाच रुसून बसला होता. मुलगा जन्मल्यापासून भावानं आमच्या देऊळघाटच्या घराची पायरी चढली नव्हती.

झालं होतं ते एवढंच. मुलगा पोटात असताना माझे वडील गेले. तेरवी झाल्यावर शेताच्या कागदांवर वारसांची नावं लावायची होती. आमच्याकडे बहिणी हक्क सोडून देतात आणि माहेरची साडी नेसून परत जातात. मीही तेच करणार होते. माहेरी, वरवट बकालच्या घरी ओसरीवर चार माणसं बसलेली. भाऊ म्हणाला, "बाई, सही करून टाक." मी म्हणाले, "राहू दे ना मायं नाव. सातबाऱ्यावर तरी माहेर दिसन मले." थट्टेत म्हणाले. कोणीतरी फिदीफिदी हसलं आणि भावाचा चेहरा पडला. सही मी त्याच दुपारी केली, पण त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच, की बहिणीनं चारचौघांत हिस्सा मागितला. मी काय वाईट बोलले, ते मला आजही कळलेलं नाही. कळलं तर माफी मागेन. न कळता मागायला मी काही देवळात उभी नाही.

तिसऱ्या वर्षी सगळे माझ्या मागे लागले. सासूबाई म्हणाल्या, चुलतभाऊ आहे की तुझा, त्याला बोलव. नवरा म्हणाला, मामा तो मामा, कोणता का असेना. मी ऐकलं नाही. सख्खा भाऊ जिवंत असताना माझ्या पोराला उसन्या मांडीवर मी बसवणार नव्हते. खरं सांगायचं तर मला जावळाची तेवढी पडलेली नव्हती. भावाला घरात आणायला माझ्याजवळ तेवढं एकच निमित्त उरलं होतं. ते संपवून टाकलं असतं तर मग कशावर बोलावलं असतं त्याला?

म्हणून केस वाढत राहिले आणि त्यांचे हाल मी आणि पोरं भोगत राहिलो. नवरा बुलढाण्याला हार्डवेअरच्या दुकानात. सकाळी जातो, दिवेलागणीला येतो. सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्यामुळे जिथे जायचं तिथे दोन्ही पोरं माझ्यासोबत. गिरणीत नेलं की मुलगा मुद्दाम पिठाच्या पन्हाळीखाली डोकं घालायचा आणि मुलगी टाळ्या पिटायची, "आबा झाला, आबा झाला!" अंगणवाडीत पोरं त्याची वेणी धरून गाडी-गाडी खेळायची. तिथूनच उवा आणायचा. डोक्यात एवढं रान असल्यावर उवा कशाला हलतात. त्यांना माझ्यापेक्षा बरं माहेर मिळालं होतं. औषध लावून, बारीक फणी घेऊन मी दुपारच्या दुपार ओट्यावर बसायची आणि एकच वाक्य म्हणायची, "एकदाचे जाऊ दे बापा हे केस!"

बाजारात तर शोभाच व्हायची. मुलीचे केस कानापर्यंत कापलेले, मुलाच्या दोन वेण्या. भाजीवाल्या बाया म्हणायच्या, "पोट्टी मोठी गोड हाये वं बाई तुई." तो चिडायचा. एकदा भर बाजारात, वांग्यांच्या ढिगासमोर उभं राहून त्यानं चड्डी खाली केली आणि पुरावाच दिला. बाया पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मला हसूही येईना आणि त्याला मारताही येईना. मी त्याला तसाच उचलून घेतला आणि भाजी न घेता घरी आले.

भाभी म्हणायची, "हमारे में तो सातवें दिनच निकाल देते बाई. झंझटच नहीं." तिचं खरं होतं. तिचा नवरा सुतारकाम करतो. दारं, खिडक्या, देव्हारेसुद्धा. घराच्या बाजूलाच छपराखाली त्याचा कारखाना. माझा मुलगा दिवसातला अर्धा वेळ तिथे लाकडाच्या भुशात बसलेला. मी तिला भाभी म्हणते, म्हणजे तो माझा भाऊ, म्हणून तो माझ्या पोरांचा मामू. मामूच्या खांद्यावर बसून गावभर फिरणं हे पोराचं रोजचं ठरलेलं. केस विंचरताना मला लाथा मारणारा पोरगा मामूनं डोक्यातला भुसा झटकला की गप्प बसायचा.

मोबाईलवर मी पोरांचे फोटो स्टेटसला टाकायची. ते कोणी पाहिले, त्यांची नावं खाली दिसतात. त्यात भावाचं नाव रोज असायचं, बऱ्याचदा सगळ्यात आधी. पाहायचा, बोलायचा मात्र नाही. कधी राग यायचा, कधी रडू. मग मी मुद्दाम मुलाचे केस मोकळे सोडून फोटो काढायची. बघ म्हणावं, तुझ्यापायी काय हाल चालले आहेत आमचे. तेही तो पाहायचा.

यंदा पाचवं लागलं. भाऊबीजेला तो आला नाही. दुसऱ्या दिवशी पोरं बाहेर खेळत असताना मी मनाचा हिय्या करून मेसेज टाकला, "त्याला पाचवं सुरू झालं. आता नाही तर कधीच नाही. तू ये." दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे काहीच नाही. दोन दिवस मी फोन हातातून खाली ठेवला नाही. भात करपला, मुलीची अंघोळ राहिली, मुलगा दोन वेळा उघडाच रस्त्यावर निघाला. मग उत्तर आलं. "पुढच्या रविवारी येतो. न्हावी सांगून ठेव."

ते मी सासूबाईंना वाचून दाखवलं, नवऱ्याला फोनवर सांगितलं, समोर जाऊन भाभीला सांगितलं. मुलाला मांडीवर घेऊन भावाचा लग्नातला फोटो दाखवला. "हा कोण?"

"नवरदेव."

"अरे, मामा तुया. याच्या मांडीवर बसाचं हाये तुले रविवारी."

"आन् मामू?"

"मामू समोर बसन."

त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, "याच्याजवळ मामूसारखा रंधा हाये का?" मी म्हणाले, ट्रॅक्टर आहे. मग त्याचं समाधान झालं.

थेट रविवारच आला असता तर बरं झालं असतं. त्याआधी गुरुवार आला. मी गच्चीवर डाळ वाळत घालत होते. खाली पोरं एकदम गप्प झाली. लहान पोरांच्या घरात आवाज असला की काळजी नसते. आवाज बंद झाला की पळावं लागतं. मी पळाले. मधल्या खोलीत मुलगा पाटावर बसलेला, गळ्याभोवती माझा टॉवेल, हातात आरसा. मागे मुलगी उभी, हातात माझी पोलकं शिवायची कात्री. उजव्या बाजूची वेणी जमिनीवर पडली होती. कानावर कुरतडल्यासारखे केस उरले होते. डावी वेणी जशीच्या तशी, टोकाला लाल रिबिनीसकट.

मी किंचाळले. मुलगी घाबरून म्हणाली, "तूच त म्हनत होती ना, एकदाचे जाऊ दे म्हनून. उवा बी गेल्या पाय."

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडायला लागली. ती रडली म्हणून मुलगा रडायला लागला. मग मीही तिथेच फरशीवर बसून रडले. सासूबाई भिंत धरत धरत आल्या, पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. आमचं सगळ्यांचं रडून झाल्यावर मुलानं आरशात पाहिलं आणि विचारलं, "आता दुसरी बाजू?"

सासूबाई म्हणाल्या, "भावाले काही सांगू नको. टोपी घाल. आल्यावर पाहू." नवरा संध्याकाळी आला, त्यानं पोराचं डोकं इकडून तिकडून पाहिलं, हसू दाबलं आणि म्हणाला, "तुया भाऊ हाये, तू पाय." आमच्या घरात अवघड काम निघालं की ते नेहमी माझंच निघतं. मला लपवणं जमेना. चार वर्षांनी येणार, नवे कपडे घेऊन येणार आणि टोपी काढल्यावर त्याला हे दिसणार. मी फोन लावला. लग्नाच्या आधी ज्या आवाजात त्याला हाक मारायची तो आवाज काही निघेना.

"दादा, पोराच्या केसाले पोट्टीनं कात्री लावली."

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज चालू होता. तो बंद झाला.

"सगळे गेले?"

"नाही नाही. अर्धे हायेत अजून. डावीकडचे सगळेच हायेत, दादा."

मग म्हणाला, "मले बोलवाचं नसलं त तसं सांगाचं होतं."

"अरे, सात वर्षांची पोट्टी हाये ते. तिले काय समजते?"

"पाहतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

आमच्या माहेरी 'पाहतो'चा अर्थ मला पक्का माहीत आहे. सायकल मागितली तेव्हा वडील 'पाहतो' म्हणाले होते. पुढे शिकायचं म्हटलं तेव्हाही. दोन्ही राहिलं. त्या रात्री डाव्या वेणीला तेल लावताना मला स्वतःचाच राग आला. अर्ध्या डोक्याची राखण करत बसलेली बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

तरी रविवारी मी पहाटे उठून पुरण घातलं. कढी केली, भजी काढली. अंगण सारवून पाट मांडला. नवरा दहादा रस्त्यापर्यंत जाऊन आला. न्हावीदादा ठरल्या वेळेला आपली पेटी घेऊन हजर. भाभी आणि तिचा नवरा आले. भाभीनं पोराला गोंजारून मांडीवर घेतलं. सासूबाईंचा नियम होता की बाराच्या आत केस उतरले पाहिजेत आणि डोकं झाल्याशिवाय पोराच्या पोटात काही जायचं नाही. भावाला फोन लावला तर बाई सांगत होती, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. वहिनीला लावला तर वाजत राहिला. एकदा, दोनदा, पुन्हा. नाही उचलला.

अकरा वाजून गेले. पुरणाच्या वासानं मुलगा वेडा झाला. स्वयंपाकघराच्या दाराशी लोळण घेऊन "पोळी दे, पोळी दे" म्हणून त्यानं आकाशपाताळ एक केलं. मुलगी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. सगळं आपल्यामुळं झालं हे तिला कोणी न सांगता कळलं होतं. न्हावीदादा घड्याळाकडे पाहत म्हणाले, "वहिनी, रविवार हाये, दुकानात गिऱ्हाईक बसून राह्यले. कसं करता सांगा." सासूबाई म्हणाल्या, "येनार असता त एव्हाना आला असता." नवरा पुन्हा रस्त्यापर्यंत जाऊन आला. तो बोलला असता तर भांडायला तरी कोणी मिळालं असतं.

तेवढ्यात मुलगा उठला, नाक पुसत पुसत गेला आणि पाटाशेजारी बसलेल्या मामूच्या मांडीवर जाऊन बसला. कोणी सांगितलं नव्हतं. रडून दमला की तो तिथेच जाऊन बसतो.

सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "बसला पाहा. पोरगं त्याले मामू म्हनते ना? मंग झाला मामा. करा सुरू."

मला वाटलं, दोन वर्षं मला चुलतभाऊ सुचवणाऱ्या या बाईंना आज कोणाचीही मांडी चालते. पण भाभीचा नवराच घाबरला. पोराला मांडीवरून उतरवायला लागला. "नहीं नहीं. ये इनके भाई का हक है. रुकते ना थोडा. आते होंगे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या एका क्षणी मला चार वर्षांचा सगळा संताप आला. स्टेटस पाहून गप्प बसणारा, 'पाहतो' म्हणून फोन ठेवणारा, त्याच्या पाठची सख्खी बहीण मी आणि त्याचा माझ्यावर एवढा विश्वास नाही की मी मुद्दाम केलं नसेल. मी म्हणाले, "नाही यायचा तो. घ्या, करा सुरू."

न्हावीदादांनी डोकं ओलं केलं. डावी वेणी सोडली, कात्रीनं कापली आणि सासूबाईंच्या हातातल्या खणावर ठेवली. मग वस्तरा. कंगवा पाहून गाव गोळा करणारा माझा मुलगा मामूच्या छातीला टेकून डोळे मिटून बसला होता. त्याच्या टाळूवर जन्मखूण आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी ती पाहिली असेल बाळंतपणात, पण विसरून गेले होते. डोकं झालं, अंघोळ झाली, सासूबाईंनी कुंकवानं स्वस्तिक काढलं. न्हावीदादांना शिधा, दक्षिणा दिली. पोरांना ताट वाढलं. मुलगा दोन्ही हातांनी पोळी खात होता आणि मधेच डोक्यावरून हात फिरवून हसत होता. सगळं छान झालं होतं आणि मला कुठेतरी जाऊन बसावंसं वाटत होतं. पण लहान पोरं असली की तशी जागा घरात नसते.

फाटकाशी ऑटो थांबला. नवरा आधी उठला. "आले," म्हणाला.

भाऊ उतरला. पांढऱ्या सदऱ्यावर काळे डाग, केसांत कापसाचे तंतू. काखेत कापडाच्या दुकानाची पिशवी. बोथ्याच्या घाटात एसटी बंद पडली, तिथे फोनला रेंज नाही, दुसरी गाडी येईना, म्हणून बाकीच्यांसोबत धक्का मारला, मग पायी निघाला, मग कापसाच्या टेम्पोत बसून बुलढाण्यापर्यंत आला. हे त्यानं माझ्या नवऱ्याला सांगितलं, माझ्याकडे न पाहता. वहिनी कापूस वेचणीला गेली आहे, फोन घरीच असेल, हेही सांगितलं. बोलता बोलता त्याची नजर अंगणात गेली. पाट, ओली माती आणि खणात गुंडाळलेले केस अजून तिथेच होते.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

भाभीचा नवरा हात जोडून काहीतरी सांगू लागला. भावानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि "बसा हो, बसा," म्हणाला. मुलगा गुळाचे हात घेऊन बाहेर आला आणि अनोळखी माणसाकडे पाहत उभा राहिला. भावानं पिशवी पुढे केली. मुलानं आतला सदरा काढला, अंगाला लावला आणि धावत गेला तो मामूला दाखवायला. भावानं त्याच्याकडे पसरलेले हात हळूच खाली घेतले. मग ओट्यावर बसून चपला काढल्या.

मी पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर ठेवला. त्यानं मला पहिल्यांदा नीट पाहिलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर माझ्याजवळ चार वर्षांची उत्तरं तयार होती.

"इतकी वर्षं थांबली बाई," तो म्हणाला. "अजून एक घंटा नाही थांबली."

आत मुलगी मामा आला म्हणून पलंगाखाली लपली होती, तिचा रडका श्वास ऐकू येत होता. बाहेर मुलगा मामूच्या खांद्यावर बसला होता. मी ताट घ्यायला आत गेले. पुरणपोळीवर तूप वाढताना माझा हात थांबेना आणि तूप ताटाबाहेर सांडलं.